फसलेल्या चित्रापुढे थांबलेला प्रेक्षक

पत्राचा सारांश : "मी रुग्णालयात परिचारिका आहे, या कामात वीस वर्षांहून अधिक काळ गेला. चित्रकलेचे शिक्षण घेतलेले नाही. गेली काही वर्षे पुस्तके आणि व्हिडिओ पाहून, नामवंतांच्या चित्रांच्या प्रतिकृती करून जमेल तसे शिकत आले. अलीकडे एका समूहप्रदर्शनात माझी दोन चित्रे लागली. एक वडिलांचे तैलरंगातील व्यक्तिचित्र, छायाचित्रावरून केलेले, ज्यावर मी तीन महिने घालवले. दुसरे अ‍ॅक्रिलिकमधले, दोन संध्याकाळी उरकलेले : खिडकीजवळची रिकामी खाट, घडी घातलेले ब्लँकेट, उशीवर डोक्याचा खळगा. त्याचा डावा कोपरा अपुराच राहिला होता. भिंतीवर जागा उरली म्हणून 'अभ्यासचित्र' एवढीच चिठ्ठी लावून ते दिले. वडिलांच्या चित्राला 'अगदी फोटोसारखे' अशी दाद देऊन लोक पुढे जात होते. खाटेपुढे मात्र एक वयस्क बाई बराच वेळ उभ्या राहिल्या, त्यांनी डोळे पुसले, 'कोण गेलं?' एवढेच विचारले आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेल्या. त्याच दिवशी कलाशाळेत शिकलेल्या एका चित्रकारांनी तेच चित्र पाहून 'ड्रॉइंग कच्चे आहे, पर्स्पेक्टिव्ह चुकला आहे, रीतसर शिका' असे सांगितले. त्यानंतर मी रिकाम्या खाटेची आणखी चार चित्रे केली. त्यांना 'विरह', 'पोरकेपण' अशी नावे दिली, कुठे चष्मा, कुठे वाळलेले फूल ठेवले. चारही निर्जीव वाटतात. सर्व चित्रांची छायाचित्रे सोबत आहेत. माझा मार्गच चुकला का? प्रेक्षकाचे मन हेलावून टाकणे शिकता येते का? तशी इच्छा धरणे हा अप्रामाणिकपणा तर नाही? आणि ते चित्र त्या बाईंना शोधून देऊन टाकावे का?"

नमस्कार.

तुम्ही चार प्रश्न विचारले आहेत, परंतु माझ्या मते पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगून टाकली आहे आणि पुढे तिच्याकडे वळूनही पाहिलेले नाही. ज्या व्यक्तीने वीस वर्षे रुग्णांच्या खाटांभोवती काढली, तिने रिकामी खाट रंगवली आणि ती पाहून एका अनोळखी बाईंना कोणीतरी गेल्याचे जाणवले, यात मला योगायोगाचा भाग फारसा दिसत नाही. चित्र दोन संध्याकाळी झाले हे खरे. पण माणूस उठून गेल्यावर उशीवरचा खळगा किती खोल राहतो, घाईने घातलेली घडी आणि हाताच्या सवयीने घातलेली घडी यांत काय फरक असतो, खिडकीतला उजेड चादरीच्या कोणत्या भागावर पांढरा आणि कोणत्या भागावर राखाडी पडतो, हे ठरवताना तुम्हाला थांबून विचार करावा लागला नाही, कारण ते सारे तुमच्या डोळ्यांना आधीच पाठ होते. कलाशाळेत न गेलेल्या माणसाची नजर कोरी असते असे समजण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा ती दुसऱ्याच एखाद्या कामात तयार झालेली असते, आणि त्या माणसाला मात्र ती कमाई चित्राच्या खात्यावर मांडावी असे सुचत नाही.

रवींद्रनाथ ठाकूर चित्रकलेकडे गंभीरपणे वळले ते साठी ओलांडल्यावर, आणि तेही रीतसर शिक्षणाशिवाय. हस्तलिखितातील खोडलेले शब्द रेषांनी एकमेकांना जोडता जोडता त्यांतून पक्षी, चेहरे, कुठल्याच प्राणिशास्त्रात न सापडणारे प्राणी आकाराला येऊ लागले. १९३० मध्ये पॅरिसला त्यांचे पहिले प्रदर्शन भरले आणि त्यांच्या चित्रांची एकूण संख्या दोन हजारांच्या वर गेली. या घटनेकडे चमत्कार म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. मला तसे वाटत नाही. ज्या माणसाने सारे आयुष्य ओळीची लय सांभाळण्यात घालवले, त्याची लय शब्द खोडतानाही सुटली नाही, इतकेच. तुमच्या बाबतीत ती जागा निरीक्षणाची आहे.

आता वडिलांच्या व्यक्तिचित्राकडे वळू. त्यात काही कमी पडले म्हणून लोक पुढे गेले, अशी तुमची समजूत झालेली दिसते. मी ते छायाचित्र मोठे करून पाहिले. भुवईचा केस, सदऱ्याचे बटण, खुर्चीच्या पाठीची वीण आणि मागच्या भिंतीचा निघालेला पोपडा, हे सगळे तुम्ही सारख्याच धारदार कडांनी आणि सारख्याच प्रेमाने रंगवले आहे. माणसाचा डोळा असे पाहत नाही. नजरेच्या मध्यभागी असलेला अगदी लहान भाग तेवढा स्पष्ट दिसतो, भोवतीचे अंधुकच असते, आणि म्हणून आपण डोळे सतत फिरवत राहतो व जिथे मन गुंतते तिथे ते रेंगाळतात. समोर बसलेल्या वडिलांना तुम्ही असेच पाहिले असते : आधी डोळे, मग कदाचित हात, मग पुन्हा डोळे, आणि भिंतीचा पोपडा तर बहुधा दिसलाही नसता. छायाचित्राला मात्र कशाचेच अप्रूप नसते. त्यात पोपडाही डोळ्यांइतकाच स्पष्ट येतो. तुम्ही तीन महिने वडिलांना पाहत नव्हता, कॅमेऱ्याने त्यांना कसे पाहिले ते उतरवून घेत होता. सगळीकडे सारखाच तपशील मिळाला की प्रेक्षकाला कुठे थांबावे ते कळत नाही, तो कसब मोजतो, दाद देतो आणि पुढच्या चित्राकडे जातो. ती दाद खोटी नव्हती, आणि ते कसब वायाही जाणार नाही.

खाटेच्या चित्रात नेमके उलट घडले आहे. उशीच्या एका बाजूची कड तेवढी धारदार आहे. ब्लँकेटची पलीकडची बाजू भिंतीच्या रंगात मिसळून गेली आहे. सबंध चित्र ढोबळमानाने तीन टोनमध्ये, म्हणजे गडद-उजळपणाच्या तीन पातळ्यांत, बसते, आणि त्यांतला सर्वांत गडद टोन सर्वांत उजळ टोनला नेमका खळग्यापाशी भिडतो. डावा कोपरा वेळेअभावी कच्चा राहिला, म्हणून नजर तिकडे जाते खरी, पण तिथे धरून ठेवणारे काही नसल्यामुळे पुन्हा उशीकडे परतते. हे निर्णय तुम्ही जाणूनबुजून घेतले नसतील, तरी ते निर्णयच आहेत, आणि तुमची पुढची वाढ मला तरी ते ओळखता येण्यातच दिसते. प्रेक्षकाला काय वाटावे हे तुमच्या हातात नाही. कोणती कड धारदार ठेवायची, काय गाळायचे, प्रेक्षकाला कुठे उभे करायचे, हे मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

यासाठी एक साधा सराव करा. दोन्ही चित्रांची छायाचित्रे मोबाइलवर कृष्णधवल करून घ्या आणि तळहाताएवढ्या कागदावर कोळशाने त्यांची फक्त काळा, करडा आणि पांढरा अशी मांडणी उतरवा. नाक, डोळे, घडी, खिडकी असे काहीही काढायचे नाही, फक्त गडद-उजेडाचे पुंजके. व्यक्तिचित्र या कागदावर विखुरलेले दिसेल, खाटेचे चित्र एवढ्याशा आकारातही उभे राहील. मग प्रत्येक चित्रात तुमची नजर पहिल्यांदा कुठे गेली आणि दुसऱ्यांदा कुठे, याच्या खुणा करा. हेच तुम्हाला ज्यांची चित्रे आवडतात त्यांच्या चित्रांवर करून पाहा. आजवर तुम्ही त्यांच्या प्रतिकृती केल्या त्या रंग आणि आकृती उतरवण्यासाठी केल्या असाव्यात. आता त्यांनी काय गाळले ते शोधण्यासाठी करा. हे काम अधिक कठीण आहे, कारण गाळलेली गोष्ट समोर नसते.

आता त्या चार निर्जीव चित्रांविषयी. त्यांत ड्रॉइंग पहिल्यापेक्षा चांगले आहे, हे तुम्हालाही दिसत असेल. तरीही ती बोलत नाहीत, याचे कारण असे की तुम्ही पहिल्या चित्रातला विषय उचललात आणि त्यातले निर्णय मागे ठेवलेत. पहिल्या चित्रात उशीवर खळगा आहे आणि बाकी काही नाही. दुसऱ्यात खळग्याशेजारी चष्मा आला, तिसऱ्यात वाळलेले फूल आले, चौथ्यात खिडकीवर पाऊस आला, आणि पाचव्यात हे सगळेच एकत्र जमले. यांतली प्रत्येक वस्तू प्रेक्षकाला बजावते की येथे दुःख आहे, दुःखी व्हा. असे बजावले की माणूस उलट सावध होतो. आपल्या काव्यशास्त्राने हा धोका फार पूर्वी ओळखला होता. मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने रसदोष सांगताना भावाचे किंवा रसाचे थेट नाव घेणे हा दोष मानला आहे : करुण करुण म्हटल्याने करुण रस निर्माण होत नाही, तो विभाव-अनुभावांतून, म्हणजे परिस्थितीतून आणि तिच्या दिसणाऱ्या खुणांतून सुचवावा लागतो. तुमच्या पहिल्या चित्रात खळगा ही खूण होती. नंतरच्या चित्रांत तुम्ही रसाचे नाव तर घेतलेच, शिवाय ते शीर्षक म्हणून चौकटीखाली चिकटवले.

शीर्षकाचा मुद्दा वरवरचा वाटेल, पण तसा तो नाही. आल्फ्रेड यारबुस या रशियन संशोधकाने चित्र पाहताना डोळे कसे फिरतात याच्या नोंदी घेतल्या होत्या. त्याचे संशोधन १९६७ मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने आले. इल्या रेपिन या रशियन चित्रकाराच्या एका चित्रात बऱ्याच काळानंतर अचानक घरी परतलेला माणूस आणि चकित झालेले कुटुंब आहे. तेच चित्र दाखवून यारबुसने पाहणाऱ्याला निरनिराळे प्रश्न विचारले. माणसांची वये सांगा म्हटल्यावर नजर चेहऱ्यांवर फिरली, कुटुंबाची सांपत्तिक स्थिती विचारल्यावर ती सामानसुमानाकडे आणि कपड्यांकडे वळली. चित्र एकच, पाहणाराही तोच, पण मनातला प्रश्न बदलला की डोळ्यांची वाट बदलली. 'अभ्यासचित्र' या चिठ्ठीने त्या बाईंना कोणताही प्रश्न दिला नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःचा प्रश्न आणला. 'विरह' असे लिहिले असते तर त्या चित्रात विरह सापडतो का ते तपासत राहिल्या असत्या, आणि सापडला तरी तो तुमचा असता. अभिनवगुप्त या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराने ज्याला साधारणीकरण म्हटले ते थोडेफार असेच आहे : रंगमंचावरचा किंवा चित्रातला शोक अमुक एका व्यक्तीचा राहत नाही, म्हणूनच तो पाहणाऱ्याला अनुभवता येतो. त्या बाई तुमच्या कोणत्याही रुग्णासाठी रडल्या नाहीत. त्या कोणासाठी रडल्या हे तुम्हाला कळले नाही, आणि चित्राच्या दृष्टीने ते कळण्याची गरजही नाही.

त्या चित्रकारांनी दाखवलेली पर्स्पेक्टिव्हची, म्हणजे दूर जाणाऱ्या वस्तू लहान होत जाताना दाखवण्याच्या रीतीतली, चूक मात्र खरी आहे, आणि ती झटकून टाकण्याचा मोह तुम्ही टाळावा. खाटेच्या दोन बाजू दूर जाताना जितक्या जवळ यायला हव्यात तितक्या येत नाहीत, पुढचा उजवा पाय लांब झाला आहे, आणि त्यामुळे सबंध खाट किंचित आपल्याकडे कललेली दिसते. पण दोष सापडला की लगेच तो पुसायचा, हाही शहाणपणा नव्हे. आधी तो दोष या चित्रात काय करतो आहे ते पाहिले पाहिजे. मला असे दिसते की त्या कलण्यामुळे प्रेक्षक दारात उभा राहून खोलीकडे पाहत नाही, तो थेट खाटेच्या कडेला येऊन खाली वाकून पाहतो. परिचारिका जिथे उभी राहते ती हीच जागा. तुमच्या हाताने नियम मोडला तो बहुधा तुमच्या पायांनी वीस वर्षे धरलेल्या जागेमुळे.

व्हॅन गॉगने ऑक्टोबर १८८८ मध्ये फ्रान्समधील आर्ल येथे आपल्या झोपण्याच्या खोलीचे जे चित्र केले, ते तुमच्यासाठी मुद्दाम सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण त्यातही रिकामी खाट आहे आणि त्यातही पर्स्पेक्टिव्ह चुकलेला वाटतो. खोलीच्या मागच्या भिंतीचा कोन विचित्र दिसतो, याचे एक कारण असे की ती खोली प्रत्यक्षातच काटकोनात नव्हती. दुसरे कारण त्याने स्वतः पत्रांतून सांगितले आहे : जपानी छापचित्रांप्रमाणे सपाट रंग लावायचे म्हणून त्याने सावल्या गाळल्या होत्या, आणि या चित्रातल्या रंगांनी विश्रांतीचा, झोपेचा भाव सुचवावा अशी त्याची इच्छा होती. आज ते चित्र पाहणाऱ्या अनेकांना विश्रांतीऐवजी अस्वस्थता जाणवते. ज्या भिंती आपल्याला निळ्या दिसतात त्या त्याने जांभळट रंगवल्या होत्या. त्यातला लाल रंग कालांतराने उडून गेला आणि निळा मागे राहिला. म्हणजे हेतू एक, परिणाम दुसरा, आणि तो परिणाम घडवणारा एक घटक तर चित्रकाराच्या पश्चात रंगद्रव्याने परस्पर बदललेला. एवढ्या मोठ्या चित्रकारालाही प्रेक्षकाच्या मनातला भाव ठरवून देता आला नाही, यात मला तरी दिलासा वाटतो. (जाता जाता : तुमच्या खाटेच्या ब्लँकेटमधला गुलाबी रंग कोणत्या ट्यूबमधला आहे ते पाहा. रंग उजेडात किती टिकतो याचे चिन्ह चांगल्या कंपन्यांच्या ट्यूबवर छापलेले असते, आणि स्वस्तातले गुलाबी-जांभळे या बाबतीत बरेचदा दगा देतात.)

त्याच चित्राच्या आवृत्त्यांची गोष्टही तुमच्या उपयोगाची आहे. व्हॅन गॉग रुग्णालयात असताना पुराच्या पाण्याने मूळ चित्राचे नुकसान झाले, म्हणून १८८९ मध्ये त्याने त्यावरून दुसरे चित्र केले, आणि पुढे आई व बहिणीसाठी आणखी एक लहान आकाराचे. तेव्हा एकाच विषयाकडे पुन्हा जाणे यात कमीपणा काहीच नाही. तो चित्र समोर ठेवून पुन्हा चित्राकडे गेला. तुम्ही मात्र चित्राकडे न जाता त्या बाईंच्या अश्रूंकडे गेलात, आणि माझ्या मते सगळा फरक तिथे पडला.

तेव्हा खाटेचे सहावे चित्र करण्यापूर्वी मूळ चित्राचीच एक प्रत करा, त्याच आकाराची, त्याच रंगांची, त्या चित्रकारांनी सांगितले तसा पर्स्पेक्टिव्ह पूर्ण दुरुस्त करून. इतर काहीही बदलू नका, फूल तर अजिबात ठेवू नका. दोन्ही चित्रे शेजारी लावून काही दिवस येताजाता पाहा. दुरुस्त चित्र तितकेच किंवा अधिक धरून ठेवत असेल, तर त्या चित्रकारांचे म्हणणे पूर्ण बरोबर होते असे समजून पुढे चला. काहीतरी हरवले आहे असे वाटले, तर काय हरवले ते वहीत लिहून ठेवा. दोन्ही परिस्थितींत तुमच्या हाती मत लागणार नाही, पुरावा लागेल, आणि स्वतःच्या बळावर शिकणाऱ्याला पुराव्याची गरज इतरांपेक्षा जास्त असते, कारण त्याला रोज टोकणारा शिक्षक नसतो.

रीतसर शिकावे का, या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी बरीच भाबडी विधाने ऐकू येतात. स्वयंशिक्षित चित्रकाराची प्रतिमा रंगवताना लोक हटकून व्हॅन गॉगचेच नाव घेतात, आणि शिक्षणाने उत्स्फूर्तता मरते असे सुचवतात. वस्तुस्थिती अशी की १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार व्हायचे ठरवल्यावर त्याने शार्ल बार्गच्या रेखाटन-पाठांच्या नकला शाळकरी मुलाच्या निष्ठेने केल्या, हेग येथे आंटोन माऊव्ह या नातलग चित्रकाराकडून धडे घेतले, पुढे अँटवर्पच्या अकादमीत आणि पॅरिसला कॉर्मोंच्या कार्यशाळेत थोडा थोडा काळ काढला. आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांतही त्याने बार्गचे पाठ पुन्हा गिरवण्यासाठी भावाकडे मागितले होते. त्याचबरोबर, १८८५ मध्ये बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाच्या चित्राचे शिळाछाप पाहून अकादमीत शिकलेल्या वान रापार्ड या मित्राने त्यातल्या आकृतींवर कडक टीका केली, तेव्हा व्हॅन गॉग चिडला, भांडला, त्या मैत्रीला कायमचा तडा गेला, आणि तरीही त्याने त्या आकृतींचा खडबडीतपणा सोडला नाही. त्या चित्रापूर्वी त्याने शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांचे कितीतरी अभ्यास केले होते, त्यामुळे तो खडबडीतपणा अज्ञानाच्या आडोशाला उभा नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस तो अँटवर्पला गेला, ही गोष्ट मला या भांडणाइतकीच बोलकी वाटते.

तुम्हाला माझा सल्ला असा की नोकरी सांभाळून अनेक वर्षांच्या अभ्यासक्रमात अडकू नका. जी उणीव तुम्हाला हव्या त्या चित्राच्या आड येते, ती शिका. बाकीच्या उणिवा वाट पाहू शकतात. आज तुमच्या आड दोन गोष्टी येताना दिसतात. पर्स्पेक्टिव्ह हा काही आठवड्यांचा मामला आहे : नजरेची पातळी कुठे आहे ते ठरवणे आणि दूर जाणाऱ्या रेषा त्या पातळीवर कुठे मिळतात ते पाहणे, एवढे हातात बसले की मोडायचा तेव्हा नियम समजून मोडता येईल. दुसरी गोष्ट अधिक वेळ मागते, आणि ती म्हणजे समोर बसलेल्या जिवंत माणसाचे रेखाटन. आठवड्यातून एकदा, घरातलेच कोणी, वीस मिनिटे, छायाचित्राला हात न लावता. माणूस हलतो, कंटाळतो, उजेड सरकतो, आणि त्या घाईत काय घ्यायचे व काय सोडायचे हे ठरवावेच लागते. वडिलांना शक्य असेल तर त्यांनाच बसवा.

जाणकाराचा आणि त्या बाईंचा अभिप्राय परस्परविरोधी आहे असे तुम्ही धरून चालला आहात. ते दोघे फक्त वेगळ्या जागांवर उभे होते. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र या भागात म्हटले आहे की आचार्य रेषेची प्रशंसा करतात, जाणकार छटांची, स्त्रियांना अलंकार आवडतात आणि इतर लोकांना रंगांची समृद्धी. स्त्रियांविषयीचे विधान आपण त्या काळाला परत करू, पण एकाच चित्रापुढे निरनिराळे लोक निरनिराळ्या गोष्टी पाहतात हे निरीक्षण आजही जसेच्या तसे लागू आहे. म्हणून पुढच्या प्रदर्शनात कोणालाही 'आवडले का' असे विचारू नका. त्या प्रश्नाला सभ्य उत्तरच मिळते. थोडे दूर उभे राहून लोक कुठे थांबतात, किती जवळ जातात ते पाहा, आणि कोणी बोलायला आलेच तर 'आधी काय दिसले' एवढे विचारा. चित्र कुठे व कसे लागते याकडेही लक्ष द्या. मार्क रॉथ्को हा अमेरिकन अमूर्त चित्रकार आपली प्रचंड चित्रे खालच्या पातळीवर, मंद उजेडात लागावीत आणि लोकांनी ती जवळून पाहावीत यासाठी आग्रही असे. तुमचे खाटेचे चित्र लहान आहे. ते डोळ्यांच्या पातळीच्या जरा खाली, शेजारी दुसरे काही न लावता ठेवून पाहा.

प्रेक्षकाला हेलावण्याची इच्छा अप्रामाणिक आहे का, याचे उत्तर देताना मला केटे कोलविट्झ ही जर्मन चित्रकार-शिल्पकार आठवते. तिचा धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच बेल्जियममध्ये मारला गेला. त्याचे स्मारक करायचे तिने लगेचच मनात घेतले. आधीच्या कल्पनेत मुलाची आकृती होती. काम सुरू झाले, अडले, तिने ते सोडून दिले, पुन्हा हाती घेतले, आणि १९३२ मध्ये बेल्जियममधील त्या सैनिकी दफनभूमीत जे शिल्प उभे राहिले त्यात मुलगा नाही. गुडघे टेकलेले आई आणि वडील, दोघे स्वतंत्र चौथऱ्यांवर, तेवढेच आहेत. ती शिकलेली, नावाजलेली कलावती होती आणि तिचे दुःख निर्विवाद खरे होते, तरीही त्या दुःखातून नेमके काय काढून टाकायचे हे कळायला जवळजवळ अठरा वर्षे लागली. इतरांना आपले दुःख कळावे ही तिची इच्छा अप्रामाणिक होती असे कोण म्हणेल? शंका घ्यायची ती इच्छेवर घेऊ नका, घाईवर घ्या. तुमची चार चित्रे खोटी नाहीत, ती घाईने केलेली आहेत : दाद मिळाल्यावर लगेच, त्याच ठिकाणी पुन्हा दाद मिळेल या आशेने. ती फाडू नका, भिंतीकडे तोंड करून ठेवा. वर सांगितलेली प्रत सोडली तर काही महिने खाट रंगवणेच थांबवा आणि रुग्णालयातले जे तुमचे डोळे रोज पाहतात पण तुम्ही कधी चित्राचा विषय मानले नाही ते घ्या. सलाइनच्या स्टँडची भिंतीवर पडणारी सावली, अर्धवट ओढलेला पडदा, कामाची पाळी संपल्यावर खुंटीला लावलेला एप्रन. तिथे उभे राहून काढू नका, घरी आल्यावर आठवणीने काढा. जे आठवत नाही ते चित्रात यायची गरज नसते, हे तुम्हाला आपोआप कळत जाईल. एक मात्र पथ्य पाळा : ओळखू येईल असा कोणाही रुग्णाचा चेहरा त्याच्या किंवा त्याच्या कुटुंबीयांच्या संमतीशिवाय चित्रात आणू नका. पहिल्या चित्रात चेहरा नाही, आणि त्याने त्याचे काही बिघडलेले नाही.

राहिला त्या बाईंना चित्र देण्याचा प्रश्न. मी सध्या देऊ नका असे सांगेन. एक तर त्यांनी ते मागितलेले नाही; आपल्याला रडताना पाहून एखादी अनोळखी व्यक्ती पत्ता शोधत घरी आली, तर ते प्रत्येकालाच रुचेल असे नाही, आणि त्या उत्तराला न थांबता गेल्या याचा मान राखणे मला अधिक योग्य वाटते. दुसरे असे की वर सांगितलेले सगळे सराव त्या मूळ चित्रावर अवलंबून आहेत, छायाचित्रावरून कडांचा अंदाज नीट येत नाही. तुमच्याकडे आज दुसरे पाठ्यपुस्तक नाही. पुढच्या प्रदर्शनात त्या पुन्हा आल्या आणि स्वतःहून चौकशी केली, तर तोवर तुमची दुरुस्त प्रत झालेली असेल. दोन्ही चित्रे त्यांच्यापुढे ठेवा आणि त्या म्हणतील ते द्या.